बाळंतपण, मन आणि वैद्यकीय अभ्यास: सहभागी होण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर पुण्यातल्या एखाद्या रुग्णालयात तुम्हाला विचारलं गेलं असेल, 'आमचा एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?' हो किंवा नाही म्हणण्याआधी जे माहीत असायला हवं, ते इथे आहे. घरच्यांनीही वाचावं, कारण निम्मे प्रश्न त्यांचेच असतात.

अभ्यास म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार का?

बहुतेक वेळा नाही. अभ्यासाचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिल्यात नुसतं निरीक्षण असतं: प्रश्न विचारतात, वजन-रक्तदाब बघतात, कधी रक्त घेतात. उपचार नेहमीचेच चालू राहतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ मध्ये जिल्ह्यातल्या सहा गावांत सुरू केलेला माता-पोषणाचा अभ्यास या प्रकारचा. आईच्या पोटात असल्यापासून त्या मुलांची नोंद ठेवली गेली, आणि गरोदरपणातल्या ब-१२ जीवनसत्त्वाचा मुलांच्या पुढच्या वाढीशी काय संबंध आहे, याबद्दल जगाला बरंच काही त्यातून कळलं.

दुसऱ्या प्रकारात काहीतरी दिलं जातं: औषध, समुपदेशन, आशाताईंनी घरी येऊन घ्यायची सत्रं. याला चाचणी म्हणतात. तुमच्यासमोर यातला कोणता प्रकार आहे, हा पहिला प्रश्न विचारा. 'मला नेहमीपेक्षा वेगळं काय दिलं जाणार?' एवढं विचारलंत तरी पुरे.

बायकांचा वेगळा अभ्यास कशाला? औषध सगळ्यांना सारखंच लागू पडतं ना?

पडत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. त्यामागे थॅलिडोमाइड या औषधाने जन्मतः अपंग झालेल्या बाळांची भीती होती. भीती खरी होती, पण परिणाम असा झाला की पुरुषांवर ठरलेले डोस बायकांना दिले गेले. १९९३ मध्ये ते धोरण बदललं. झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचा बायकांसाठीचा डोस तर २०१३ मध्ये १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणावा लागला, कारण बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना अंमल उरलेला असतो.

मनाच्या आजारांच्या औषधांत हा फरक आणखी गुंतागुंतीचा होतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते. उलट कार्बामाझेपिन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीच फसू शकते. गरोदरपणात मूत्रपिंडं जास्त काम करतात, त्यामुळे लिथियमची पातळी उतरते. बाळंतपण झालं की ती पुन्हा चढते, आणि डोस वेळेवर कमी केला नाही तर विषबाधा होऊ शकते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळतं, म्हणून मूल होऊ शकणाऱ्या वयात दुसरा पर्याय असताना ते देऊ नये. गरोदर बाईला वगळून केलेल्या अभ्यासातून ही माहिती मिळत नाही.

बाळंतिणीला रडू येणारच. त्यात आजार कसला?

तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रडू येणं, चिडचिड होणं, जीव घाबरणं हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं. झोप, आराम आणि घरच्यांचा आधार मिळाला की साधारण दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही झोप येत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र हिशोब झाला, तेव्हा हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे साधारण पाचात एक.

तिसरी गोष्ट वेगळी आणि तातडीची. हजारात एक-दोन बाळंतिणींना पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत भ्रम होतात, आवाज ऐकू येतात, वागणं एकदम बदलतं. 'बाहेरचं काही झालंय' म्हणून अंगारे-धुपाऱ्यात एक दिवसही घालवू नका. बाईला आणि बाळाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. अशा वेळी आधी उपचार, अभ्यासाचं नाव नंतर.

ती दहा प्रश्नांची प्रश्नावली काय असते?

बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाळणी करणारी एडिनबरा प्रश्नावली. १९८७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार झाली, आता अनेक भाषांत वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. मागच्या सात दिवसांबद्दल उत्तर द्यायचं. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न वरून खाली ०-१-२-३ असे मोजतात, बाकीचे सात उलटे. मोजणीतली नेहमीची चूक इथेच होते: घाईत सगळे प्रश्न एकाच दिशेने मोजले की निरोगी बाई आजारी ठरते आणि आजारी बाई सुटते.

थकवा, भूक, अंगदुखी या प्रश्नावलीत विचारत नाहीत, आणि ते मुद्दाम. ओल्या बाळंतिणीला थकवा असणारच, बाळ रात्री तीनदा उठवतं. नेहमीच्या नऊ प्रश्नांच्या नैराश्य प्रश्नावलीत झोप, भूक, थकवा मोजतात, त्यामुळे बाळंतपणानंतर तिचा आकडा विनाकारण फुगतो.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एकूण गुण ४ असले, पण या एका प्रश्नाला 'कधीच नाही' सोडून दुसरं काहीही उत्तर असलं, तर त्याच दिवशी, ती बाई घरी जाण्याआधी, तज्ज्ञाने तिच्याशी बोलायला हवं. जिथे कागद गोळा करून संध्याकाळी गुण मोजतात, तो अभ्यास नीट आखलेला नाही असं आम्ही स्पष्ट म्हणू.

गुण १३ आले म्हणजे मला नैराश्य आहे?

नाही. ही चाळणी आहे, निदान नाही. कुठे १० तर कुठे १३ ही रेघ धरतात. समजा १०० बायकांत २० जणींना खरोखर नैराश्य आहे. चाळणीने त्यातल्या १६ पकडल्या, आणि उरलेल्या ८० निरोगी बायकांपैकी १२ जणींवरही चुकून बोट ठेवलं. म्हणजे बोट ठेवलेल्या २८ पैकी १६ च खऱ्या. म्हणून पुढे मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित व्यक्ती समोर बसून सविस्तर मुलाखत घेते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघायला हवं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण चांगलंच आहे, आणि त्याची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात.

प्रश्न मराठीत असूनही कळत नाहीत. मी काय करू?

तसं सांगा, चूक तुमची नाही. इंग्रजीतलं वाक्य शब्दाला शब्द लावून मराठीत आणलं की कोणालाच कळत नाही. चांगल्या अभ्यासात आधी मराठी भाषांतर होतं, मग मूळ न पाहिलेला दुसरा माणूस ते परत इंग्रजीत करतो, दोन्ही ताडून बघतात, आणि शेवटी दहा-पंधरा बायकांना वाचायला देऊन 'तुम्हाला यातून काय समजलं?' असं विचारतात. ही शेवटची पायरी वेळ वाचवायला गाळतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. आपल्याकडे 'मी निराश आहे' असं फार कमी बायका म्हणतात. 'जीव लागत नाही', 'डोकं जड झालंय', 'कशातच मन नाही', 'छातीत धडधडतं' असं म्हणतात. मुळशीतली बाई आणि कोथरूडमधली बाई एकच दुःख निरनिराळ्या शब्दांत सांगते. मुलाखत घेणाऱ्याला दोन्ही बोली कळल्या पाहिजेत.

सासूबाई सोबत बसल्या तर चालेल का?

माहिती घेताना जरूर बसा, सगळे मिळून ऐका. पण प्रश्नांची उत्तरं देताना बाई एकटी हवी. सासू, नवरा, अगदी सख्खी आईसुद्धा समोर असली की उत्तर बदलतं. यात कोणाच्या नात्यावर संशय नाही. 'घरी त्रास होतो का' हा प्रश्न घरातल्यांच्या समोर विचारण्यात अर्थच नसतो, आणि खरं उत्तर दिलं तर रात्री त्याची किंमत मोजावी लागू शकते.

फोनवरच्या मुलाखतीत हीच अडचण दुप्पट होते. अनेक घरांत फोन नवऱ्याचा असतो, किंवा स्पीकरवर असतो. म्हणून पहिल्याच भेटीत ठरवून घ्या: फोन कोणत्या वेळी करायचा, आणि जवळ कोणी आलं तर काय म्हणायचं. 'लसीची तारीख विचारत होत्या' असं एक साधं वाक्य ठरलेलं असलं की बाईला लगेच विषय बदलता येतो. नैराश्याचा उल्लेख असलेला मेसेज घरच्या फोनवर पाठवू नका, असंही तिने सांगावं. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे. तात्काळ धोका असेल तर ११२.

संमती कोणाची लागते? नवऱ्याची सही हवी का?

तुम्ही १८ वर्षं पूर्ण केलेली असतील आणि तुम्हाला समजत-उमजत असेल, तर संमती तुमचीच. घरच्यांशी बोलून ठरवा, पण त्यांची सही तुमच्या सहीची जागा घेऊ शकत नाही, आणि तुमच्या मनात नसताना त्यांच्या 'हो'ला काही किंमत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये मनाचा आजार असलेल्या व्यक्तीचीही स्वेच्छेची, माहितीपूर्ण संमती घ्यावीच लागते. आजारामुळे ती संमती देऊ शकत नसेल, तर संशोधकाला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तीही बाई विरोध करत नसेल तरच.

वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार सगळी प्रक्रिया ऐकतो आणि सही करतो. नव्या रसायनाच्या औषधचाचणीत सहभागी असुरक्षित गटातली असेल तर संमतीचं दृक्-श्राव्य चित्रण करावं लागतं. कॅमेरा बघून घाबरू नका, तो तुमच्या संरक्षणासाठी आहे. माहितीपत्रक आणि सही केलेल्या अर्जाची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. 'नंतर देतो' म्हणाले तर तिथेच मागा. घरी न्या, दोन दिवस विचार करा. आजच्या आज सही करा असा आग्रह धरला जात असेल, तर तो तुमच्या हक्काला धक्का आहे.

मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पालकांची परवानगी आणि तिची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. ती गरोदर असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे तिला आणि घरच्यांना आधीच सांगायला हवं, मुलाखत झाल्यावर नव्हे.

अर्जावर उत्पन्न आणि वारसाचं नाव का विचारतात?

औषधचाचणीच्या अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदार हे रकाने आहेत. वारस लागतो तो नुकसानभरपाईसाठी. घाबरायचं कारण नाही, पण रकाना रिकामा सोडू नका.

मला किंवा बाळाला काही झालं तर?

औषधचाचण्यांना नवीन औषधे आणि चिकित्सा चाचणी नियम, २०१९ लागू आहेत. चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा चाचणीमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेल तोपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर ते चालू ठेवावे लागतात. इजा चाचणीमुळेच झाल्याचं ठरलं तर नुकसानभरपाई निराळी. मृत्यू झाल्यास ८ लाखांची आधार रक्कम, वय आणि आजाराची जोखीम यांचं सूत्र आहे. आई किंवा वडील चाचणीत असल्यामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली, तर तीही यात धरली जाते. गंभीर घटना घडली की संशोधकाने २४ तासांच्या आत औषध नियामकाला, चाचणीचा खर्च करणाऱ्या प्रायोजकाला आणि अभ्यासाला मंजुरी देऊन त्यावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीला कळवायचं असतं.

यासाठी तुम्ही त्यांना लगेच कळवायला हवं. रात्री बाळाला घेऊन गावातल्या जवळच्या दवाखान्यात गेलात तरी हरकत नाही, उपचाराचा कागद जपून ठेवा आणि माहितीपत्रकावरच्या नंबरला त्याच दिवशी फोन करा. आठ दिवसांनी सांगितलं की कारण शोधणं अवघड जातं.

नैतिकता समिती कोणाची असते?

रुग्णालयाशी जोडलेली, पण निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य बाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचा. किमान सात जण. त्यात डॉक्टरांसोबत कायदा जाणणारी व्यक्ती, एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री हवी. तक्रार थेट तिथे करता येते, संशोधकामार्फत जावं लागत नाही.

अभ्यास खरा आहे हे कसं ओळखायचं?

भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदणी संकेतस्थळावर, म्हणजे सीटीआरआयवर, त्याचा क्रमांक टाकून बघा. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिली व्यक्ती दाखल करण्याआधीच नोंद करावी लागते. तिथे अभ्यासाचा उद्देश, किती जण घेणार, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या समितीची मंजुरी, सगळं दिसतं. एमडीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचीही तिथे नोंद असते. कोणी भाग घेण्यासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर तिथूनच परत फिरा.

निम्म्या जणींना खोटी गोळी देतात, हे खरं का?

काही चाचण्यांत, हो. म्हणजे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळणार हे बंद लिफाफ्यातल्या किंवा संगणकाच्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारख्या, क्रमाने ठरतं, डॉक्टरांच्या मर्जीने नाही. मनाच्या आजारांत हे विशेष लागतं, कारण नुसतं कोणीतरी दर आठवड्याला आपुलकीने विचारपूस केली तरी अनेकींना बरं वाटतं. त्यामुळे औषधाचा वाटा किती हे तुलनेशिवाय कळतच नाही. पण तीव्र नैराश्य असलेल्या, जिवाला धोका असलेल्या बाईला नुसत्या खोट्या गोळीवर ठेवणं आम्हाला मान्य नाही. 'मी खालावले तर कोणत्या टप्प्यावर मला चाचणीतून काढून उपचार देणार?' हे आधी विचारा. उत्तर लेखी आराखड्यात असलं पाहिजे.

अंगावर पाजते आहे. औषध चालेल का?

औषधागणिक वेगळं. सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा बराच अभ्यास झाला आहे, आणि दुधातून बाळाकडे जाणारं प्रमाण फार कमी आढळतं. वजनाच्या हिशोबाने बाळाला आईच्या डोसच्या १० टक्क्यांहून कमी जात असेल तर ते साधारणपणे स्वीकारार्ह धरतात. तरी बाळ सुस्त आहे का, नीट ओढतंय का, वजन वाढतंय का, हे बघायचंच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. सर्वात जास्त नुकसान होतं ते पाचव्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून गोळी बंद केल्यामुळे, किंवा बरं वाटल्यावर एकदम सोडल्यामुळे. बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

सातव्या महिन्यात माहेरी जाणार आहे. मग भाग घेता येईल का?

येईल, पण पहिल्याच दिवशी सांगा. पुण्यातले असे अभ्यास सर्वांत जास्त इथेच अडखळतात. समजा वेळापत्रक असं आहे: २८ ते ३२ आठवड्यांत एक भेट, मग बाळंतपणानंतर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने. आपल्याकडे बाई सातव्या-आठव्या महिन्यात सातारा, नगर, बीडला माहेरी जाते आणि सव्वा महिना तरी घराबाहेर पडत नाही. म्हणजे सहा आठवड्यांची सर्वांत महत्त्वाची भेट नेमकी हुकते. ज्या येत नाहीत त्यांत काही पूर्ण बऱ्या झालेल्या असतात, तर काही इतक्या खचलेल्या की उठून येणं जमत नाही. दोन्ही गट गळले की उरलेल्यांवरून काढलेलं उत्तर चुकतं, आणि ते चुकीचं उत्तर पुढच्या हजारो बायकांच्या उपचारात जातं.

उपाय साधे आहेत. माहेरचा पत्ता आणि दोन फोन नंबर द्या. घरी येऊन किंवा व्हिडिओवर मुलाखत होते का विचारा. ठरल्या तारखेच्या आधी-नंतर किती दिवस चालतात तेही विचारा. गणपतीत किंवा पालख्या पुण्यात मुक्कामी असताना नाना पेठ, भवानी पेठ, रास्ता पेठेकडे बाळ घेऊन येणं अशक्यच असतं, तेव्हा ती तारीख बदलून घ्या. प्रवासखर्च आणि बुडालेली रोजंदारी मिळते का, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. एसटीचं तिकीट, रिक्षाची पावती जपा.

मध्येच सोडता येतं का?

कधीही, कारण न सांगता. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत. फक्त गोळ्या चालू असतील तर कळवून सोडा, आणि उरलेल्या गोळ्या परत करा.

माझी माहिती कोणाला कळेल?

कागदावर नावाऐवजी क्रमांक असतो, नाव-क्रमांकाची यादी वेगळी कुलपात. अपवाद दोन: तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका दिसला तर मदतीसाठी संबंधितांना सांगावं लागतं, आणि १८ वर्षांखालची मुलगी गरोदर असेल तर, वर म्हटल्याप्रमाणे, पोलिसांना.

पाळीच्या आधी मन फार बिघडतं. त्यावरचे अभ्यास वही का भरायला लावतात?

आठवणीवर विसंबता येत नाही म्हणून. पाळी आली की मागचा सगळा त्रास तिच्याच नावावर टाकला जातो. म्हणून किमान दोन पाळ्यांच्या चक्रांत रोज रात्री लक्षणांना गुण द्यायचे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात गुण चढले आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरले, तर पाळीशी निगडित तीव्र आजार. महिनाभर सारखेच राहिले, तर मूळ नैराश्य किंवा चिंता. उपचार त्यावरून बदलतात. शुक्रवारी बसून आठवड्याभराचे गुण एकदम भरू नका. त्यापेक्षा राहिलेला दिवस कोरा ठेवा.

रात्री-अपरात्री मन फार खचलं तर? अभ्यासाचा फोन तेव्हा बंद असतो.

टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रुग्णवाहिका हवी असेल तर १०८.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

गरोदरपणाची फाइल, माता-बाल संरक्षण कार्ड, जुने रक्ताचे रिपोर्ट. घेत असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट, आणि बाळंतकाढा, शतावरी, टॉनिक, कोणी गावाकडून दिलेली पूड असेल तर तीही. 'ते औषध थोडंच आहे' म्हणून हे सांगायचं राहून जातं, आणि नंतर यकृताचा रिपोर्ट बिघडला की कारण सापडत नाही. चष्मा लागत असेल तर तो. बाळाला सांभाळायला एक जण सोबत, म्हणजे मुलाखतीच्या पाऊण तासात तो माणूस बाळ घेऊन बाहेर बसेल.